मोटारी परतवाड्यातच थांबवा

पावसाळ्यातला रविवार उजाडला की परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट तुंबतो. धुक्यात दिवे लावून मोटारींची रांग उभी, समोरून उतरणारी एसटी वळणावर अडकलेली, तिच्यात बाजाराला निघालेली कोरकू माणसं ताटकळत बसलेली. यावर दरवर्षी एकच मागणी होते : रस्ता रुंद करा, वाहनतळ वाढवा. पण अकराशे मीटर उंचीवरचं ते पठार रुंद होणार नाही. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड हे सगळं थोडक्या अंतरात आहे आणि भोवती मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प, १९७३ साली देशात निवडलेल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. झाडं तोडून घाट रुंद केला, तर तीच कोंडी वर गावात जाऊन बसेल. म्हणून सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या मोटारी परतवाड्यातच थांबवाव्यात आणि तिथून वरपर्यंत, तसंच वर एका पॉइंटवरून दुसऱ्यावर, छोट्या बस सतत फिरत्या ठेवाव्यात.

हे काही जगावेगळं नाही. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, तरी तिथली गर्दी हटलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला जाणारा माणूस पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात गाडी ठेवून रेल्वेने जातो आणि ते गाव पर्यटनावरच जगतं. त्यामुळे गाड्या अडवल्या की धंदा बसेल, ही हॉटेलवाल्यांची भीती मला पटत नाही. म्हाताऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्यांच्यासाठी, मुक्कामाचं आरक्षण असलेल्यांसाठी, स्थानिकांसाठी आणि खवा-दुधाच्या गाड्यांसाठी सवलत हवीच. सर्वांत वजनदार आक्षेप एसटीच्या भरवशाचा. संध्याकाळी खाली उतरायला बस मिळेल याची खात्री नसेल, तर कोण मोटार खाली ठेवील? तेव्हा आधी बस, मग बंदी, हाच क्रम असला पाहिजे. शेवटच्या बसची वेळ प्रत्येक पॉइंटवर ठळक लिहिलेली हवी आणि ती बस रिकामी असली तरी सुटलीच पाहिजे.

आणि ही सोय केवळ हौशी पर्यटकांची नाही. ज्याच्याकडे मोटार नाही अशा अकोल्याच्या विद्यार्थ्याला विदर्भातलं हे थंड हवेचं ठिकाण आज दूरच वाटतं. डोंगराच्या पायथ्याशी अचलपूरपर्यंत येणारी मूर्तिजापूरची ७६ किलोमीटरची 'शकुंतला' ही अरुंद रुळांची रेल्वे बंद पडून आहे; तिचे रूळ रुंद होऊन ती पुन्हा धावली, तर अकोल्याहून निघालेला माणूस मूर्तिजापुरात गाडी बदलून थेट घाटाच्या तोंडाशी उतरेल. तोवर बस तरी हवी. घाटातून वेळेवर धावणारी तीच बस पाड्यावरच्या बाळंतिणीला अचलपूरच्या दवाखान्यात नेईल. चिखलदऱ्याच्या काचेच्या स्कायवॉकवर जेवढी चर्चा झाली, तिच्या चौथ्या हिश्शाइतकी तरी या बसच्या वेळापत्रकावर व्हावी. सुरुवात पुढच्या पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारपासून करता येईल.