गॅस संपत नाही, गळतो

कला शाखेच्या वार्षिक अंकात मोटारीच्या एसीवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. कविता, सहलीचे वर्णन, फार तर हुंड्यावर एखादा लेख, एवढेच आपल्या अंकाला शोभते अशी एक समजूत आहे. परंतु माझा थोरला भाऊ सोलापुरात मोटारींचे एसी दुरुस्त करतो आणि माझी फी त्या कमाईतून भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. दादाने दहावीनंतर पाना हाती घेतला म्हणून मला पुस्तक हाती घेता आले. तेव्हा या कामाविषयी दोन शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार मला असावा.

मार्च महिना उजाडला की सोलापूरचे ऊन तापू लागते आणि गॅरेजपुढे मोटारींची रांग लागते. प्रत्येक मालकाचे वाक्य ठरलेले असते, "गॅस संपलाय, भरून टाक." या एका वाक्यावर माझा आक्षेप आहे. एसीतला गॅस संपत नाही. तो पेट्रोल नव्हे की जळून जावा.

आपल्या घरचा माठ घ्या. माठाच्या अंगावर पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. एसीतही हेच चालते. आर-१३४ए नावाचा गॅस साध्या दाबाखाली उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि मोटारीतली उष्णता तो शोषतो. फरक एवढाच की माठातली वाफ हवेत जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. मोटारीत मात्र कॉम्प्रेसर ती वाफ ओढून दाबतो, पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते आणि बारीक छिद्राच्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून परत कॉइलमध्ये येते. तोच गॅस फिरत राहतो. जोडांतून आणि रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे; पण एका वर्षात एसी गार करायचा थांबला तर कोठे तरी गळती आहे, हे निश्चित समजावे.

ती शोधणे हीच खरी दुरुस्ती. कधी जोडातली रबरी रिंग कडक झालेली असते, कधी कंडेन्सरला खडा लागलेला असतो. कॉइल ओलसर धुळीने कुजली असेल तर मात्र अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि सबंध दिवस जातो. दादा आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतो व बुडबुडा कोठे येतो ते पाहतो. गळती बुजवली की पंपाने आतली हवा काढून घेतो. हवेबरोबर ओल जाणे महत्त्वाचे, कारण ओल राहिली तर व्हॉल्व्हशी बर्फ धरतो आणि आत आम्ल तयार होऊन धातू खातो. मग काटा जागेवर राहतो की नाही ते पाहायचे आणि शेवटी गॅस तोलून भरायचा. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेले असते; लहान मोटारीत ते साधारण अर्धा किलो. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे द्यायला कोणी तयार नसते. एका गृहस्थांना दादाने गळती काढल्याशिवाय गॅस भरणार नाही असे सांगितले. ते दुसरीकडे गेले, वीस मिनिटांत गॅस भरून घेतला आणि "हा पोरगा उगाच काम वाढवतो" असे चार लोकांना सांगत राहिले. गळती ठेवून गॅस भरणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक दर उन्हाळ्यात येते. नीट काम करणाऱ्याकडे ते काही वर्षे फिरकत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला हे गणित कोणी मांडून दाखवावे!

मालकांचीही बाजू आहे. साध्या तक्रारीवर "कॉम्प्रेसर गेला" म्हणून मोठे बिल करणारे कारागीर आहेतच. पुष्कळदा दोष गॅसचा नसतोच; केबिन फिल्टर तुंबलेला असतो किंवा कंडेन्सरवर धूळ बसलेली असते. मोटारीखाली ठिबकणारे पाणी पाहून घाबरणारेही भेटतात. ते पाणी कॉइलवर जमलेले दव असते, ते बाहेरच पडायला हवे. म्हणूनच माझे म्हणणे, मालकाने "किती घेणार?" याच्या आधी "गॅस गेला कोठून?" असे विचारावे.

कारण तो जातो तो तुमच्या-आमच्या डोक्यावर. पूर्वी मोटारींत आर-१२ असे. अशा वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होईल असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली दाखवले आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. म्हणजे एका लहान मोटारीचा अर्धा किलो गॅस सुटला की सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. अशा वायूंचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करण्याचे भारताने २०२१ मध्ये मान्य केले आहे.

मान्य दिल्लीत झाले, करायचे मात्र गॅरेजात आहे. उघडण्याआधी गॅस ओढून घेणारे यंत्र लहान गॅरेजवाल्याला परवडत नाही, म्हणून नळी सैल करून तो सोडून दिला जातो. कधी द्रव हातावर उडून कातडी भाजल्यासारखी होते. काही नव्या मोटारींत आर-१२३४वायएफ हा दुसरा गॅस येतो. तो थोडा ज्वालाग्राही आहे. त्याची रीत ठाऊक नसताना हात घालणे धोक्याचे. यंत्रासाठी स्वस्त कर्ज मिळावे आणि चालू गॅरेजवाल्यांसाठी आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग असावेत, एवढी मागणी अवास्तव नाही.

आणखी एक अडचण आमच्या शाखेची आहे. दादाकडे आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे. रात्री जेवणानंतर मी ती मराठीत उतरवते. पहिल्या पानावर मी 'बाष्पक' असे लिहिले, तेव्हा दादा म्हणाला, "ताई, कूलिंग कॉइल लिही, नाहीतर आमच्या पोरांना पुन्हा तुलाच विचारावं लागेल." त्याचे बरोबर होते. आमच्या मराठी विभागाने परिभाषेवर जरूर चर्चासत्र भरवावे, पण एकदा दोन-चार मेस्त्रींनाही तेथे खुर्ची द्यावी. माझी तेरा पाने झाली आहेत. विजेच्या जोडणीच्या आकृत्या अजून बाकी आहेत, आणि त्या समजावून द्यायला आता दादालाच बसावे लागणार आहे.