पाचोळ्याला काडी लावू नका

छावणीत मोठ्या साहेबांची व्हिजिट ठरली की पहिला हल्ला होतो तो पाचोळ्यावर. सकाळच्या फॉलिननंतर फटीग पार्टी झाडू घेऊन सुटते, सागाची, शिरीषाची पानं ढिगाने गोळा होतात आणि काडी लागते. मग गवत मुळापर्यंत खरवडायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना मारायचा, नर्सरीतून पेटुनिया-साल्व्हियाच्या कुंड्या आणून रांगेत मांडायच्या. पंजाबात हेच पाहिलं, आसामात हेच, आता जबलपूरला तेच. माती बदलते, पद्धत बदलत नाही. आपण याला स्वच्छता म्हणतो. मी याला नासधूस म्हणतो.

मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे पाचोळा जाळणाऱ्याला म्हातारी माणसं दोन शिव्या घालायची, आणि त्यात शहाणपण होतं. जबलपूरची काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर चार बोटं पाचोळा असला तर ओल टिकते. त्याच ओलीत बुरशी, वाळवी, गांडुळं काम करतात आणि पानांची माती करून देतात. कुणाला पगार नाही, कुणाची रजा नाही. आपण मात्र एका हाताने हे फुकटचं खत जाळतो आणि दुसऱ्या हाताने शेणखताची ट्रॉली मागवतो. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आहे, साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड आहे. शिस्त शिस्त म्हणणाऱ्यांनी आधी हा नियम पाळावा.

आता फुलांचं. कुंडीतल्या दुहेरी पाकळ्यांच्या फुलांत पराग जवळजवळ नसतो. माशी येते, हुंगते आणि उपाशी परत जाते. लंगरच्या मागे आपण भोपळा, वांगी, टोमॅटो लावतो. भोपळ्याचं नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. मधे माशी नसेल तर वेल नुसता मांडवावर पसरतो. वांग्या-टोमॅटोचा पराग बंद नळीत असतो, तो थरथराटाने बाहेर सांडतो. मोहोळातल्या मधमाशीला हे जमत नाही. ते करतो काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी. भुंगा वाळक्या लाकडात घर करतो, ही माशी मोकळ्या जमिनीत. आपण वाळकं लाकूड चुलीत घालतो, जमिनीवर सिमेंट ओततो आणि मग विचारतो, वांगी का धरत नाहीत!

आणि ज्याला खरंच उपटायला हवं, त्याला आपण कुंपण म्हणून पाणी घालतो. घाणेरी ही अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून इंग्रजांच्या बागेत आली आणि आज देशभरच्या जंगलात घुसून बसली आहे. गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते. कुणी म्हणेल, तिच्यावर फुलपाखरं येतात की! येतात, रस पितात. पण त्यांचे सुरवंट तिच्या पानांवर वाढत नाहीत. त्यांना कढीपत्ता हवा, लिंबू हवं, रुई हवी, बाहवा हवा. नुसत्या खानावळीने वस्ती होत नाही, बाळंतपणालाही जागा लागते.

दुसरं गाजरगवत. १९५५ च्या सुमारास ते आपल्या पुण्यात नजरेस आलं आणि तिथून देश व्यापला. जवान ते उघड्या हातांनी उपटतात, तेही फुलावर आल्यानंतर, आणि मग अंगाला खाज घेऊन एमआय रूमच्या रांगेत उभे राहतात. याच जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, छावणीपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. तिथे जाऊन विचारायला कुणाची परवानगी अडली आहे?

सापांचा मुद्दा निघतोच, आणि तो खरा आहे. बॅरेकच्या भोवती, मुलांच्या खेळायच्या जागी, दारूगोळ्याच्या कोठाराजवळ गवत कापलंच पाहिजे, पाचोळा हटवलाच पाहिजे. तिथे मी वाद घालणार नाही. पण हटवणं म्हणजे जाळणं नव्हे. आणि छावणीचा प्रत्येक कोपरा म्हणजे कोठार नव्हे.

‘फौजेचं हे काम नाही’ असं म्हणणाऱ्यांना एक आठवण. १९८२ मध्ये टेरिटोरियल आर्मीची १२७ वी इको बटालियन गढवालात उभी राहिली, ती चुनखडीच्या खाणींनी ओरबाडलेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे करायला. निवृत्त जवानांनी ते करून दाखवलं. डोंगर जमतो, तर क्वार्टरमागची दहा गुंठे का जमू नयेत?

मागणी मोठी नाही. गोळा केलेला पाचोळा खड्ड्यात टाका, वर माती आणि पाणी मारा. घाणेरी नुसती छाटू नका, पुन्हा फुटते. मुळाच्या मानेखालून खणून काढा आणि तिथे करवंद, अडुळसा लावा. गाजरगवत फुलायच्या आधी, हातमोजे घालून उपटा, रिकाम्या जागी टाकळ्याचं बी फेका. एक कोपरा न खरवडता सोडा, एक वाळका ओंडका पडू द्या. फवारणी करायचीच असेल तर फुलं उघडी असताना करू नका.

साहेब येतात, अर्धा तास फिरतात, चहा घेतात आणि जातात. माती तिथेच राहते. आपली बदली होईल, पुढची पलटण येईल, तिलाही याच मातीत भाजी लावायची आहे. चार्ज देताना रायफली मोजून देतो, घोंगड्या मोजून देतो. जमीनसुद्धा जिवंत हातात द्यायला शिकलं पाहिजे.