फायटर सुस्त झालाय? आधी दाण्यांचा डबा बाजूला ठेवा

हॉस्टेलच्या टेबलावर, नाहीतर घरी टीव्हीशेजारी, एक काचेचा गोल बाऊल असतो. त्यात निळा-लाल फायटर. वाढदिवसाला कुणी दिलेला, नाहीतर लोकलने मुंबईला गेल्यावर क्रॉफर्ड मार्केटातून पिशवीत घालून आणलेला. गणपतीत, दसऱ्यात मस्त फिरत होता. काचेला बोट लावलं की कल्ले फुगवून अंगावर यायचा. डिसेंबर उजाडला आणि साहेब तळाशी जाऊन बसले. पर मिटलेले, रंग उतरलेला, बोट लावलं तरी ढिम्म.

मग आपण काय करतो? दाणे टाकतो. ‘भूक लागली असेल बिचाऱ्याला.’ खाल्ले नाहीत तर आणखी चार टाकतो. तेही पडून राहिले की दुसरा डबा आणतो.

माझा पहिला फायटर असाच गेला. खोपोलीत, ऐन जानेवारीत. मी त्याला खायला घालून घालून मारलं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. म्हणून स्पष्टच सांगतो, सुस्त फायटर बहुतेक वेळा उपाशी नसतो. त्याला एक तर थंडी वाजत असते, नाहीतर घाण पाण्याचा त्रास होत असतो. आणि या दोन्ही वेळी जादा दाणे म्हणजे आजारात भर.

याचं घर कुठलं, ते बघा. फायटर, म्हणजे बेट्टा, मूळचा थायलंडचा. तिथे त्याला ‘प्ला कात’ म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. राहतो कुठे, तर भातखाचरांत आणि उथळ डबक्यांत. ऐकून ओळखीचं वाटेल, कारण आपणही भाताच्याच मुलखातले. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या नावाची बियाणी तर कोकणभर पेरली जातात. फरक थंडीचा आहे. त्याच्याकडे वर्षभर उकाडा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पंधराच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली जातो. दादर-परळला राहणाऱ्या मित्राचा फायटर हिवाळ्यात टुणटुणीत आणि तुमचा आडवा, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

माशाला आपल्यासारखी अंगाची ऊब नसते. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं अंग. फायटरला २४ ते २८ अंश मानवतं. दोन लिटरच्या बाऊलमधलं पाणी पहाटेपर्यंत खोलीइतकंच गार होतं. मग त्याचं सगळंच मंदावतं, पचनसुद्धा. अशा पोटात दाणे गेले की पोट फुगतं, मासा कलंडतो. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया होतो. तो कल्ले जाळतो. मासा आणखी सुस्त. आपण म्हणतो, आजही काही खाल्लं नाही!

आता तुम्ही म्हणाल, दुकानात तर तो कपभर पाण्यात असतो, तिथे कसा जगतो? खरी गोम इथेच आहे. फायटरला कल्ल्यांशिवाय डोक्यात आणखी एक अवयव असतो, त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. बाकीचे मासे गुदमरतील अशा पाण्यात तो तग धरतो. या एका गुणाचा आपण सगळ्यांनी गैरफायदा घेतलाय, दुकानदारांनीही आणि आपणही. मरत नाही म्हणजे मजेत आहे, असं आपणच ठरवून टाकलं. आठ तास लोकलमध्ये उभं राहूनही माणूस मरत नाही, म्हणून कोणी तिथे संसार थाटत नाही.

तेव्हा डबा बाजूला ठेवा आणि आधी थर्मामीटर आणा. पाणी २४च्या खाली असेल तर छोटा हीटर लावा. दहा-पंधरा लिटरच्या टाकीला २५ वॉटचा पुरतो. हो, टाकी. बाऊल शोभेला बरा, माशाला नाही. वीज गेली तर टाकीभोवती टॉवेल गुंडाळा. पण पाण्यात गरम पाणी ओतू नका, एकदम बदललेलं तापमान त्याला सोसत नाही. उलटंही तेच. रविवारी सकाळी उत्साहात सगळं पाणी ओतून, भांडं साबणाने घासून, गच्चीवरच्या टाकीचं बर्फगार पाणी भरायचं, ही तर हमखास चूक. अमोनिया खाणारे जिवाणू टाकीत वसायला महिना-दीड महिना लागतो, ते आपण एका घासणीत घालवतो. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट.

आता खाण्याचं. हा मासा मांसाहारी आहे. निसर्गात डासांच्या अळ्या, किडे खातो. देवळाच्या तळ्यात आपण कुरमुरे टाकतो, त्याच सवयीने कुणी चपातीचा तुकडा, कुणी भाताची शितं टाकतं. ते त्याचं खाणं नाही. डब्यामागची यादी वाचा, पहिल्या नावांत मासा किंवा कोळंबी असेल तरच घ्या. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं. सकाळी तीन-चार दाणे, संध्याकाळी तेवढेच. आठवड्यातून एक उपास. एखाद-दोन वेळा फ्रोझन ब्लडवर्म द्या, खूश होईल. अळ्या निसर्गात खातो म्हणून गॅलरीत बादलीत पैदास करायला जाऊ नका. डेंगी झाला तर शेजारी मासा बघायला येणार नाहीत.

सुस्ती प्रत्येक वेळी थंडीचीच असते असंही नाही. रात्री दिवा बंद झाल्यावर पानावर रेलून पडला असेल तर तो झोपलाय, झोपू द्या. अंगावर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके, किंवा पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर तो आजार आहे. जाणकाराला दाखवा, दुकानातलं निळं औषध अंदाजाने ओतू नका. आणि कधी कधी तो नुसता म्हातारा झालेला असतो. फायटरचं आयुष्य दोन ते चार वर्षांचं, आणि आपण आणतो तेव्हाच तो पूर्ण वाढलेला असतो.

एक मात्र करू नका. परीक्षा आली, घरी जायचंय, कंटाळा आला, म्हणून उल्हास किंवा पाताळगंगेत सोडून येणं. ती सुटका नाही. त्याच्यासाठीही नाही आणि नदीतल्या माशांसाठीही नाही.

सुट्टीत दोन-तीन दिवस गावी जाणार असाल तर धडधाकट फायटर उपाशी राहू शकतो. त्याहून जास्त दिवस असतील तर रूममेटच्या हातात अख्खा डबा देऊ नका. एका दिवसाचे सहा दाणे, अशा कागदाच्या पुड्या बांधा, वर तारखा लिहा आणि डबा कपाटात कुलूप लावून जा. मी तेच करतो. रूममेट चिडतो, पण मासा दुसऱ्या हिवाळ्यात आहे.