भनाऱ्याचा उच्चार

भंडारा या शहराचे नाव आपण लिहितो एक आणि स्थानिक उच्चार सांगितला जातो तो ‘भनारा’. इ. स. ११०० च्या रतनपूर शिलालेखातही ‘भनारा’ हेच रूप आढळते. पितळी भांड्यांच्या जुन्या धंद्याशी नाव जोडणारी व्युत्पत्तीही लोक सांगतात. मूळ रूपाचा निवाडा अभ्यासकांनी करावा. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की, शिलालेखाला दुजोरा द्यायला आज जो पुरावा हाताशी आहे तो कागदावर नसून माणसांच्या तोंडी आहे.

हे आठवण्याचे कारण म्हणजे भंडाऱ्याच्या उपेक्षित इतिहासावर पॉडकास्ट करू पाहणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी मला दाखवलेली संहिता. पहिला भाग पवनीवर होता. तिथे १९६९-७० च्या उत्खननात उजेडात आलेले बौद्ध स्तूप आणि महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभलेख यांची माहिती त्यात होती. दुसरा भाग तुमसरजवळच्या आंबागड किल्ल्यावर, तिसरा गावतलावांवर. माहिती चोख होती, परंतु तिन्ही भाग एकाच निवेदकी मराठीत लिहिलेले होते. तिसऱ्या भागासाठी मुलांनी एका आजीबाईंचे बोलणे चाळीस मिनिटे मुद्रित केले होते. संहितेत त्याची चार वाक्ये झाली होती. आजींचे ‘पानी’ तिथे ‘पाणी’ झाले होते आणि ‘बोडी’चे ‘छोटे तळे’. मूळ आवाज का वापरला नाही, असे विचारल्यावर एक मुलगा अडखळत म्हणाला, “सर, ते अशुद्ध वाटते. लोक हसतील.”

त्या मुलाची स्वतःची मायबोली झाडीबोलीच होती. तिच्यात ण नाही, ळ नाही, श नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीसाठी आयुष्य वेचले, झाडीपट्टीची रंगभूमी आजही रात्र रात्र गर्दी खेचते. तरीही ‘इतिहास’ हा गंभीर शब्द उच्चारायची वेळ आली की आपली जीभ आपल्यालाच लाजवू लागते. माझा आक्षेप या लाजेला आहे. कारण ती केवळ भाषेचे नुकसान करत नाही, इतिहासाचेही करते.

‘बोडी’चेच पाहू. शेतकऱ्याने आपल्या धानासाठी स्वतःच्या शिवारात बांधलेला लहानसा जलसाठा म्हणजे बोडी. गावाचा मोठा तलाव वेगळा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने असे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांकडे गेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. म्हणजे तलावाची मालकी बदलत गेली, बोडी मात्र शेतकऱ्याची राहिली. पाणी कोणाचे, हा या जिल्ह्याचा जुना प्रश्न त्या दोन शब्दांच्या फरकात आहे. ‘छोटे तळे’ म्हटल्याबरोबर तो फरक पुसला जातो आणि श्रोत्याच्या डोळ्यांपुढे केवळ एक निसर्गचित्र उरते.

दुसरे उदाहरण अधिक निकडीचे आहे. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि हरले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता. मतदारसंघ द्विसदस्यीय होता आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले, तर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. चरित्रग्रंथांत हा प्रसंग थोडक्यात उरकला जातो. परंतु ती दोन मते देताना गावागावांत काय बोलले गेले, कोणी कोणाला काय समजावले, निकालाच्या रात्री वस्तीत काय झाले, हे चरित्रग्रंथ सांगणार नाहीत. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. त्या दिवशी मत दिलेला सर्वांत तरुण माणूसही आज नव्वदी ओलांडून गेला आहे. संहिता पुढल्या वर्षीही सुधारता येईल, तो आवाज मात्र पुढल्या वर्षी असेलच असे नाही.

आठवण म्हणजे इतिहास नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. माणसे विसरतात, ऐकलेले पाहिलेले म्हणून सांगतात, हरलेल्या निवडणुकीची कारणे मागाहून रचतात. म्हणून मतांचे आकडे, वर्षे, कायदे कागदावरूनच घ्यावेत आणि आठवण त्यांच्याशी जुळत नसेल तर निवेदकाने तसे स्पष्ट सांगावे. परंतु आठवण कुठे चुकते हेदेखील आवाज जपला तरच कळेल. मराठीच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन लीळा गोळा केल्या आणि महानुभाव परंपरेने एकाच लीळेचे निरनिराळे पाठही जपले. आपले गद्यवाङ्मय ज्या ग्रंथापासून सुरू होते तो ऐकलेल्या आठवणींचाच ग्रंथ आहे. ज्यांना लीळाचरित्रातील पाठभेद परीक्षेला चालतो, त्यांना आजीबाईंचा उच्चार का चालू नये?

उरला प्रश्न बाहेरच्या श्रोत्यांना कळण्याचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या अनेक ओव्या आज गाणाऱ्या बायकांच्या आवाजात, शब्द आणि अनुवादासह ऐकता येतात. ओवी कळावी म्हणून कोणी त्या बायकांना प्रमाण मराठीत गायला लावले नाही. पॉडकास्टलाही हाच मार्ग मोकळा आहे. आधी आवाज वाजू द्यावा, मग निवेदकाने अडलेला शब्द उलगडावा. संपूर्ण मुद्रण आणि त्याचे शब्दशः लेखन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावे. मराठी विभागांनी हे काम प्रकल्प म्हणून दिले तर पाठसंपादनाचे याहून चांगले शिक्षण मला सुचत नाही.

मुलांनी तिसरा भाग पुन्हा केला. आता तो आजींच्याच आवाजात सुरू होतो. त्यांच्यामागे कुठेतरी कोंबडा आरवतो आणि त्या मध्येच थांबून मुलांना विचारतात, “समजते का?” हा प्रश्न मुलांनी कापला नाही, याचे मला विशेष समाधान वाटले. तो आपल्या सर्वांनाच विचारलेला आहे.