भाषांतराचे इमान

३० सप्टेंबर हा संत जेरोम यांचा स्मृतिदिन. हिब्रूतला जुना करार थेट लॅटिनमध्ये आणणाऱ्या या विद्वानामुळेच हा दिवस आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन म्हणून पाळला जातो. जेरोम हयात असतानाच उत्तर आफ्रिकेत, आजच्या त्रिपोलीत, त्यांचे योनाचे पुस्तक उपासनेत वाचले गेले आणि मंडळी खवळली. योनावर सावली धरणारा वेल भोपळ्याचा, असे लोक पिढ्यानपिढ्या ऐकत आले होते. नव्या भाषांतरात तो आयव्हीचा झाला होता. मंडळी हातची जाईल या भीतीने तिथल्या बिशपना माघार घ्यावी लागली, असे संत ऑगस्टीन यांनी जेरोमना पत्राने कळवले. एका वेलावरून एवढे रान उठले, तर माणसाला देवाच्या राज्याबाहेर ठेवणाऱ्या शब्दाबाबत किती जपून राहायला हवे!

समलैंगिकतेविषयीची बायबलमधली वचने नव्या विचारांना सोयीची करून घेतली जात आहेत, अशी तक्रार गेली काही वर्षे अनेक चर्चमधून ऐकू येते. तक्रार खोटी नाही. पण ती करणारे गोष्ट मधूनच सांगायला घेतात.

११ फेब्रुवारी १९४६ रोजी अमेरिकेत ‘रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन’चा नवा करार प्रसिद्ध झाला. देवाच्या राज्याचे वतन कोणाला मिळणार नाही, त्यांची यादी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दिली आहे. तीत ‘मालाकोई’ आणि ‘आर्सेनोकोइताई’ हे दोन ग्रीक शब्द लागोपाठ येतात. पहिल्याचा मूळ अर्थ मऊ, नाजूक. दुसरा ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ यांच्या जोडणीतून झालेला. त्याचा नेमका रोख कोणावर, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. १६११च्या किंग जेम्स आवृत्तीने दोन्हींना वेगवेगळे प्रतिशब्द दिले होते. ल्यूथरच्या जर्मन बायबलमध्ये दुसऱ्याचा अर्थ मुलग्यांना भ्रष्ट करणारे असा होता. १९४६च्या समितीने मात्र दोन्ही शब्द एकात मिळवून तिथे ‘होमोसेक्शुअल’ घातले. हा शब्द पहिल्यांदा छापला गेला १८६९मध्ये, जर्मन भाषेत. कृतीइतकाच तो माणसाच्या स्वाभाविक ओढीलाही लागू होतो. म्हणजे पहिल्या शतकातल्या पत्रात एकोणिसाव्या शतकाची कल्पना शिरली आणि ज्यांनी काहीही केलेले नाही असे तरुणही, केवळ जसे आहेत तसे असल्यामुळे, त्या यादीत जाऊन बसले.

१९५९मध्ये धर्मशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने समितीचे अध्यक्ष ल्यूथर वाईगल यांना पत्र लिहून हा दोष दाखवला. १९७१च्या दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द गेला. त्याच्या जागी ‘लैंगिक विकृत’ अशा अर्थाचा शब्द आला, तोही धड नव्हताच. तोवर ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द इतर आवृत्त्यांमध्ये पोहोचला होता आणि असंख्य उपदेशांचा आधार झाला होता.

उलट बाजूने २०१२मध्ये ‘क्वीन जेम्स बायबल’ आले. किंग जेम्स आवृत्तीतली आठ वचने त्यात बदलली आहेत. लेवीय १८:२२मध्ये पुरुषाने पुरुषाशी शय्या करण्याला जी मनाई आहे, तिला ‘मोलखाच्या मंदिरात’ अशा अर्थाची पुस्ती जोडली आहे. आदल्याच वचनात मोलख या दैवताचा उल्लेख आहे, तेव्हा मनाईचा संबंध मूर्तिपूजेशी असावा, हा युक्तिवाद करता येतो. तो टीकाग्रंथात करावा, व्यासपीठावरून करावा. हिब्रूत त्या वचनात हे शब्द नाहीत. लेवीयमधले वचन कठोर आहे, ते कठोरच छापले पाहिजे.

समलैंगिक माणसांना चर्चने सन्मानाने आपले म्हणावे, हे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच ही पुस्ती आम्हाला जास्त खटकते. प्राचीन ग्रंथाशी भांडायचे असेल तर तो आधी जसा आहे तसा समोर हवा. चोरून घातलेल्या शब्दावर कोणाचाही सन्मान उभा राहत नाही. तो शब्द उघडकीला आला की खऱ्या युक्तिवादावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

मराठीत या इमानाचे मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. शिकण्याची संधी न मिळालेल्या बायांना ते कळावे, एवढाच त्यांचा ध्यास होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम जवळजवळ मृत्यूपर्यंत, १९२२पर्यंत, चालले. स्त्रियांवरच्या अन्यायाविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या या बाईंना स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे हे पौलाचे वचनही मराठीत आणावे लागले. त्या स्वतः मात्र उपदेश करीत राहिल्या.

पुढच्या प्रत्येक मराठी सुधारित आवृत्तीत त्या दोन ग्रीक शब्दांखाली अर्थाच्या अनिश्चिततेची तळटीप असावी आणि भाषांतरकारांची नावे पहिल्या पानांवर असावीत. नावे होती म्हणूनच त्या विद्यार्थ्याला पत्र लिहिता आले. क्वीन जेम्सचे संपादक निनावी राहिले. आणि करिंथकरांच्या पत्रातले ते वचन वाचताना पाळकसाहेबांनी तळटीपही मोठ्याने वाचावी, कारण ऐकणाऱ्यांत एखादा मुलगा किंवा मुलगी ती यादी स्वतःवर घेत असते.