उन्हाचीही नोंद हवी
तंजावूरच्या सरफोजीराजांच्या (1777-1832) काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. तीच शिस्त आता उन्हात राबणाऱ्यांसाठी हवी. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने तमिळनाडूतील 800 गर्भवतींचा अभ्यास केला. प्रखर उष्णतेत काम करणाऱ्यांत गर्भपाताचा धोका दुप्पट आढळला. ‘त्यांना उन्हाची सवयच असते,’ असे म्हटले जाते. सवयीने घाम लवकर सुटतो हे खरे. पण कावेरीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. भातलावणीला चिखलात तासन्‌तास वाकलेल्या बाईला सवय कुठवर तारणार? तिचे कामाचे तास, पिण्याचे पाणी, नाडीचे ठोके प्राथमिक आरोग्य केंद्रांनी लिहून ठेवावेत. तमिळनाडू सरकारने सुरुवात तंजावूरपासूनच करावी.