डास खाणारे झाड आणि त्याच्या कुंडीखालची ताटली

पावसाळा आला की डासांवरच्या उपायांची चर्चा घरोघरी सुरू होते. कुणी कापूर जाळतो, कुणी लिंबात लवंगा खोचून ठेवतो. अलीकडे या यादीत एका रोपाची भर पडली आहे. तळहातावर मावेल एवढी कुंडी, तिच्यात दातेरी जबड्यासारखी पाने आणि विकणाऱ्याचे आश्वासन : ‘हे झाड डास खाते.’ मुले हट्ट करतात, आईवडीलही डेंग्यूच्या धास्तीने विचार करतात की निदान उपयोग तरी होईल. रोप घरी येते, खिडकीत बसते. त्याला ओलावा लागतो म्हणून कुंडीखाली ताटली ठेवली जाते आणि ती पाण्याने भरलेली राहते. डासांवरचा हा उपाय डासांच्याच पथ्यावर पडतो तो इथे.

हे रोप म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅप. मूळचे ते अमेरिकेतील नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना या राज्यांच्या किनारी पट्ट्यातले. तिथल्या दलदलीच्या, वाळूमिश्रित जमिनीत नत्र फार कमी असते. ती उणीव हे रोप किडे पचवून भरून काढते. ऊर्जा मात्र इतर झाडांसारखी सूर्यप्रकाशातूनच मिळवते. म्हणजे किडा हे त्याचे जेवण नव्हे, खत आहे. चार्ल्स डार्विनला या वनस्पतींनी इतके वेड लावले, की 1875 मध्ये त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

पानाच्या आतल्या बाजूला काही बारीक केस असतात. साधारण वीस सेकंदांच्या आत केसांना दोनदा स्पर्श झाला, तरच पान मिटते. तेही सेकंदाच्या दहाव्या हिश्शात. पावसाचा एखादा थेंब पडला तर श्रम वाया जाऊ नयेत, म्हणून ही खातरजमा. आत सापडलेला किडा धडपडत राहिला तरच पाचकरस सुटतात. मग पान आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ मिटलेले राहते. असे तीन-चार वेळा झाले की ते पान काळे पडून गळते.

आता डासांचा हिशेब मांडून पाहावा. लहान रोपाला दहाएक पाने धरली आणि प्रत्येक पान आठवडाभर एकाच किड्यात गुंतणार असेल, तर अगदी नशिबाने महिन्याला तीस-चाळीस किडे. त्यांतही मूळ अधिवासात या रोपाच्या तावडीत सापडतात ते मुख्यतः मुंग्या आणि कोळी. माणसाला चावायला निघालेली डासाची मादी आपला श्वास, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांच्या मागावर असते. रोपाच्या पानावरचा मधुरस तिला त्या वेळी नको असतो. उलट डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी एका खेपेला शंभरच्या आसपास अंडी घालते, आणि तिला त्यासाठी कुंडीखालच्या ताटलीतले स्वच्छ, साचलेले पाणी पुरते. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. झाडाने महिनाभरात जे कमावले, ते ताटली एका आठवड्यात घालवून बसते.

मग हे रोप ठेवूच नये का? जरूर ठेवावे, पण ते काय आहे हे ओळखून. त्याला रोज काही तास थेट ऊन लागते. माती म्हणजे पीट मॉस आणि परलाइट. बागेची माती, शेणखत, रासायनिक खत यांतले काहीही घातले तर मुळे जळतात. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत. पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी द्यावे. मुलांनी गंमत म्हणून बोटाने पाने मिटवू नयेत, मटणाचे तुकडे तर मुळीच घालू नयेत; ते कुजतात आणि पान मरते. हिवाळ्यात त्याला तीन-चार महिने थंड विश्रांती हवी असते. मुंबई-कोकणात ती मिळणे अवघड, म्हणून तिथे हे रोप फार काळ टिकत नाही.

पाण्याच्या बाबतीत दोन नियम पाळावेत. ताटलीत बोटाच्या एका पेराहून कमी पाणी घालावे, ते एक-दोन दिवसांत शोषले जाऊ द्यावे, आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी ताटली रिकामी करून काथ्याने घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी ताटलीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. दुसरा नियम, झाडासाठी साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे पिंप घट्ट झाकलेले असावे. महापालिकेचे कर्मचारी घरी येऊन अळ्या शोधतात, तेव्हा याच जागा तपासतात. त्यांना दारातून परत पाठवू नये.

कीटकभक्षी वनस्पती पाहायला अमेरिकेकडे बघण्याचीही गरज नाही. पावसाळ्यात कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर दवबिंदू उगवते, सीतेची आसवे जांभळी फुलतात. एक पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते, दुसरी मुळाशी असलेल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. ती उपटून घरी आणायची नाहीत. मुलांना तिथे नेऊन, गुडघे टेकून पाहायची आहेत.

डेंग्यूच्या विषाणूवर आजही खास औषध नाही. डास होऊ न देणे हाच खरा उपाय. खिडकीतले रोप मुलाला निसर्गाची करामत दाखवील, आणि तेवढ्यासाठी ते घरात असणे चांगलेच. डासांचा बंदोबस्त मात्र आठवड्यातून एकदा ताटली घासणारा हातच करील. ते काम त्या मुलाकडेच सोपवावे.